खांबावरचे दोन सहा

मोठ्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर नदीची पातळी दाखवणारे आकडे आहेत. ते मी रंगवले. शून्य ते दहा, दर मीटरला एक, पिवळ्यावर काळा, हातभर उंच. काम देखणं झालं होतं. फक्त त्यात सहा दोनदा आला होता.

हे कसं झालं ते सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की आम्ही नशेत होतो. आम्ही शुद्धीवर होतो आणि पद्धतीने काम करत होतो. पाट्या रंगवायचं दुकान मामाचं, ब्रश माझे, मतं पुन्हा मामाची. उंचावरच्या कामात मामा वर कठड्यापाशी दोर सांभाळतो आणि पुढचा आकडा ओरडतो. मी खाली पाळण्यात नाक खांबाला टेकवून बसलेलो असतो. आकडा ऐकायचा, परत म्हणायचा, रंगवायचा. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्याचा हात थरथरतो, असं मामाचं मत आहे.

त्या दिवशी मामा ओरडला, "सहा." मी म्हटलं, "सहा," आणि रंगवला. मग मामा चहा प्यायला गेला आणि मी अर्धा तास नदीवर लोंबकळत राहिलो. परत येऊन त्याने पाळणा मीटरभर वर ओढला आणि ओरडला, "सहा." मी म्हटलं, "सहा." पद्धत आम्ही चोख पाळली. शेवटी दहाच्या वर उरायला हवी होती ती जागा उरली नाही, तेव्हा मामा म्हणाला, "खांब आखूड बांधलाय." मी मान डोलावली. सरकारी खांब, काहीही असू शकतं.

आठ महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी दोनच्या आसपास होतं. पुलाच्या टोकाच्या केबिनमध्ये मोजणीदार बाई दुर्बीण घेऊन बसतात, पण त्या फक्त पाणी टेकलेला आकडा बघतात. त्यांचं म्हणणं, दिसतं ते लिहायचं, दिसत नाही त्यात नाक खुपसायचं नाही. बाकीच्या गावाने खांबापुढे उभं राहून फोटो काढले. फोटोत माणूस स्वतःला बघतो, आकडे नाही.

मग पावसाळा आला, आणि तिसऱ्या दिवशी मावशी दुकानात आली.

मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण. खालच्या गल्लीतला वृद्धाश्रम ती चालवते. एकोणीस म्हातारी माणसं, सगळी तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यावर मालकाने फर्निचर भरून ठेवलंय. ती छत्री न मिटताच आत आली.

"मला एक सांगा. त्या खांबावर सहा किती आहेत?"

"सहा म्हणजे सहाच असणार," मामा म्हणाला.

"किती वेळा लिहिलाय ते विचारतेय."

मामाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, बीपी तपासलंस का आज?"

"माझं बीपी राहू दे. आमचे दुरुस्तीवाले आजोबा काय म्हणतात ते ऐक."

दुरुस्तीवाले आजोबांनी छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. आता ते औषधांच्या बाटल्यांवरचा मजकूर दुरुस्त करतात. त्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीतून पूल दिसतो. उन्हाळ्यापासून ते रोज सकाळी नर्सला सांगत होते, "पुलावर सहा दोनदा पडलाय." डॉक्टरांनी हे ऐकून त्यांची अर्धी गोळी एक केली. महिन्याने एकीच्या दोन केल्या. आजोबा दिवसाचे चौदा तास झोपायला लागले, आणि उरलेल्या दहा तासांत सहा दोनदाच राहिला. तेव्हा मावशीला शंका आली की बिघाड गोळीत किंवा आजोबांत नसावा.

आम्ही तिघं काठावर गेलो. पाऊस तिरका येत होता. पाणी साडेचारला होतं. मी खालून वर वाचत गेलो: पाच, सहा, सहा, सात. पुन्हा वाचलं. दोन्ही सहा सुंदर होते, पोटाचा गोल अगदी एकसारखा. मला क्षणभर अभिमान वाटला आणि मग मी तिसऱ्यांदा वाचलं.

"पहिला सहा कोणी सांगितला?" मामाने विचारलं.

"तू."

"आणि दुसरा?"

"तोही तूच."

"रंगवले कोणी?"

"मी."

"मग झालं तर," मामा म्हणाला, जणू खटला निकाली निघाला.

"भांडण पाणी ओसरल्यावर करा," मावशी म्हणाली. "मला एवढंच दाखवा, खरा आठ कुठे आहे?"

मी बोट केलं. खऱ्या आठवर सात लिहिला होता.

मावशी बोटांवर मोजायला लागली. तिचा हिशेब सहसा कोणाच्या तरी अंगावर येतो. आठला भोंगा वाजतो, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. भोंगा वाजला की बसगाड्या खालच्या गल्लीत येतात आणि टेकाडावरच्या शाळेचं दार उघडतं. खऱ्या आठला गल्ली कोरडी असते, पण फार वेळ राहत नाही. खऱ्या नऊला वृद्धाश्रमातल्या खाटेची गादी भिजते. आणि आमच्या खांबावर नऊच्या जागी आठ लिहिलेला होता.

"म्हणजे गादी भिजल्यावर भोंगा वाजणार," मावशी म्हणाली. "एकोणीसपैकी अकरा जणांना चालता येत नाही. त्यांना बाहेर काढायला मला दीड तास लागतो. तोही चार माणसं हाताशी असली तर."

पूर्वी दीड तास पुष्कळ होता. पूर्वी महिन्याचा पाऊस महिनाभर पडायचा. आता तो एका दुपारी उरकून मोकळा होतो. वरच्या अंगाला डोंगर होता, त्यावर झाडं होती. आता डोंगर आहे. नदीच्या वळणावर दलदलीचा मोठा पट्टा होता, तिथे पुराचं पाणी थांबून दम घ्यायचं. तिथे भराव टाकून गाड्या उभ्या करायची जागा केली, तेव्हापासून गाड्या थांबतात आणि पाणी थेट गावात येतं. मागच्या पुरात जुन्या पट्टीचा सगळ्यात वरचा आकडा पाण्याखाली गेला. त्यावर समिती बसली. समितीने डोंगर पाहिला, वळण पाहिलं, गाड्या पाहिल्या आणि ठरवलं की आकडे वाढवावेत. ते काम आम्हाला मिळालं होतं. आणि त्यातही आम्ही माती खाल्ली.

नदी कार्यालयात साहेब टेबलावरची पाण्याची धार बादलीत पडेल अशी बादली सरकवत होते. कार्यालयही गळत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"चूक तुमची, हे लेखी देता?"

"देतो."

मी लिहून दिलं. मामाने खाली सही केली आणि सहीखाली "रंगाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही" असं स्वतःहून जोडलं.

"आता उद्या भोंगा सातला वाजवा," मावशी म्हणाली. "एवढी साधी गोष्ट आहे."

"बाई, साधी नाही. दोन वर्षांपूर्वी मी भोंगा लवकर वाजवला होता. वरचा अंदाज बघून, चांगल्या मनाने. पाणी आलंच नाही. लोक शाळेत दिवसभर बसले आणि परत आल्यावर माझ्या दारात गाद्या आणून टाकल्या. म्हणाले, वाळवून द्या." साहेबांनी बादली पुन्हा सरकवली. "तेव्हापासून लोक भोंगा ऐकून आधी खांबाकडे बघतात. खांबावर सात दिसला की म्हणतात, साहेबांचं डोकं फिरलंय, आणि जेवायला बसतात. बसचे ड्रायव्हरसुद्धा. मी सातला वाजवला तर एकही बस यायची नाही."

"मग?"

"खांबावर आठ दाखवा. मी त्या मिनिटाला वाजवतो."

"पाणी चढलेलं असताना खांबावर उतरू देता?" मी विचारलं.

"सक्त मनाई आहे," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी आठ ते अकरा मी बैठकीत आहे. बैठकीच्या खोलीची खिडकी नदीच्या बाजूला नाही."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच छत्री मिटली.

ओल्या दगडावर रंग धरत नाही. म्हणजे आकडे दुकानात करायचे आणि खांबावर नुसते बांधायचे. जुन्या पट्टीचे लोखंडी कान दर मीटरला, अगदी वरपर्यंत, खांबातून बाहेर आलेले होते. पट्टी काढली तेव्हा ते कापायचा कंटाळा कोणीतरी केला होता, देव त्याचं भलं करो. त्यांना तारेने पत्रे आवळता आले असते. पत्रा दुकानात होता: न नेलेल्या पाट्या. एका दंतवैद्याची, एका शिकवणीची, दोन "भाड्याने देणे आहे" आणि एक "कुत्र्यापासून सावध राहा". पाठीमागची बाजू सगळ्यांची कोरी.

"ऑइल पेंट वाळायला उद्या दुपार होईल," मी म्हटलं. "रेडियम कापू या."

मामाने हातातला ब्रश खाली ठेवला. मामाच्या आयुष्यात दोन शत्रू: एक माझे वडील, दुसरा रेडियम. चिकटवायच्या कागदाने बोटांची कला मारली, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्याला नेमप्लेट हवी असली तरी.

"रेडियम म्हणजे रंग नव्हे," तो म्हणाला.

"नाही."

"त्याला जीव नसतो."

"नसू दे. मावशीच्या एकोणीस जणांना आहे."

मामा खुर्चीवरून उठला, मागच्या खोलीत गेला आणि पिवळ्या रेडियमची गुंडाळी घेऊन आला. ती दुकानात असल्याचं मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याने पाच आकडे स्वतःच्या हाताने कापले, सात ते अकरा, आणि आठचे दोन्ही गोल असे कापले की यंत्राने लाजावं.

सकाळी पाणी पाच दशांश आठला होतं. सव्वा आठ वाजता मी पाळण्यात बसलो. पुलावर मामा, दोराला दोन वेढे देऊन. केबिनमध्ये मोजणीदार बाई, दुर्बीण आणि फोन घेऊन. पद्धत आम्ही बदलली होती: मामा आकडा ओरडणार, मी परत म्हणणार, आणि बाई दुर्बिणीतून वाचून फोनवर सांगतील तेव्हाच तार आवळायची. फोन मी कानाला टोपीखाली खोचला होता.

खाली नदी नव्हती. खाली कॉफीच्या रंगाचं काहीतरी रुंद आणि घाईचं चाललं होतं, त्यात अर्धं झाड, एक प्लॅस्टिकची टाकी आणि दरवाजा, चौकटीसकट. पाळणा दोन्ही बाजूंना झुलत होता. मी वरच्या, चुकीच्या सहासमोर आलो.

"सात," मामा ओरडला.

"सात," मी म्हटलं आणि पत्रा लावून धरला.

फोनमध्ये थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, "नदीची पातळी 'दात व कवळी योग्य प्रकारे बसवून मिळतील' अशी आहे. लिहू का?"

मी पत्रा उलटा केला.

"आता सात," बाई म्हणाल्या. "डावीकडून जरा कलंडलाय, पण नदीला चालेल."

तार आवळताना बोटांत जीव राहिला नव्हता. पक्कड दोनदा निसटली. दुसऱ्यांदा ती पायावर पडली म्हणून वाचली. सात बांधून झाला, मामाने मीटरभर ओढलं. "आठ." "आठ." "आठ," फोनमध्ये. खालून काहीतरी खांबावर आदळलं आणि सगळा पूल सैल दातासारखा हलला. मी खाली पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं आणि सांगितलं, "ओंडका होता, गेला. नऊ घ्या." त्यांच्या आवाजात जराही फरक नव्हता. मला वाटतं जगबुडी झाली तरी बाई आधी दशांश बघतील.

नऊ. दहा. दहाच्या वेळेला पाऊस इतका वाढला की बाईंना आकडा दिसेना. त्या म्हणाल्या, "दिसत नाही. मी दिसतं तेच सांगते." आम्ही थांबलो. मी दोन्ही हातांनी पत्रा छातीशी धरून बसलो, वर मामा दोर धरून. साडेचार मिनिटांनी सर कमी झाली. "दहा," बाई म्हणाल्या. अकरा बांधून मी वर आलो तेव्हा मामाच्या तळहाताची साल दोराला लागली होती.

"हात दाखव," मी म्हटलं.

"हात काय दाखवू, ज्योतिषी आहेस का? चल, ताईकडे."

वृद्धाश्रमात मावशीने भोंग्याची वाट पाहत वेळ घालवला नव्हता. चालता येणारे आठ जण दारातल्या बाकावर बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, बस चुकेल या काळजीने. न चालणाऱ्यांच्या खाटा दाराच्या क्रमाने लावल्या होत्या. गोळ्यांचे डबे प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने बांधले होते. दुरुस्तीवाले आजोबा जागे होते; मावशीने दोन दिवस गोळी बंद केली होती.

"आकडे बदलले," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी खिडकीतून बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहेत," ते म्हणाले. मग दुसऱ्या मिनिटाला: "सात जरा कललाय."

एक वाजून पन्नास मिनिटांनी बाईंनी कार्यालयात आठ कळवला आणि त्याच मिनिटाला भोंगा वाजला. मी दारात उभा राहून गल्ली बघितली. लोक बाहेर आले. आधी खांबाकडे बघितलं, अगदी साहेब म्हणाले तसं. राखाडी पावसात पिवळा आठ दुकानाच्या पाटीसारखा चमकत होता आणि पाणी त्याच्या तळाला टेकलं होतं. समोरचा शिंपी हातात टेप घेऊन बाहेर आला होता. त्याने आठ पाहिला, आत गेला आणि शिवणयंत्र डोक्यावर घेऊन बाहेर पडला. कोणी जेवायला बसलं नाही.

पहिली बस दहा मिनिटांत आली, दुसरी पाठोपाठ. चालणारे आठ जण एका रांगेत चढले आणि पुढच्या सीटवरून भांडायला लागले, म्हणजे सगळं ठीक होतं. बाकीच्यांना आम्ही खुर्चीत बसवून नेलं: मी, मामा, नर्स आणि यंत्र बसमध्ये ठेवून परत आलेला शिंपी, एका खुर्चीला चार हात, मग पुढची खुर्ची. मामाच्या तळहातांना फडकी गुंडाळलेली होती. एक आजी प्रत्येक पायरीला विचारत होत्या, "मी जड आहे का?" आणि मामा प्रत्येक पायरीला म्हणत होता, "छे, तुमच्यापेक्षा पाटी जड असते."

पाणी दारातून आलं नाही. ते न्हाणीघरातून आलं. मोरीच्या जाळीतून आधी हवा आल्यासारखं गुडगुडलं, मग काळं पाणी आलं आणि सरळ खोलीत चालत गेलं, ओळखीचं असल्यासारखं. तेव्हा सहा जण उरले होते. मावशीने जाळीवर उशी दाबली, उशीवर पाट ठेवला आणि पाटावर स्वतः उभी राहिली.

"मी इथे उभी आहे तोवर उरका," ती म्हणाली.

आम्ही उरकलं. पाच गेले, आणि पाणी घोट्यापर्यंत आलं. शेवटी दुरुस्तीवाले आजोबा. ते म्हणाले, "आधी माणसं मोजलीत का?"

"अठरा गेले, तुम्ही एकोणिसावे," मावशी पाटावरून म्हणाली.

"कोण कोण गेले ते नावानिशी सांग. आकड्यांवर माझा भरवसा नाही राहिला."

मावशीने पाटावर उभ्या उभ्या अठरा नावं सांगितली. आम्ही आजोबांना उचलून धरलं होतं आणि ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. सतराव्या नावाला ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अठरावं नाव झालं, आजोबा म्हणाले, "चला," आणि आम्ही निघालो. मावशी शेवटी निघाली. तिने पाय उचलला तशी उशी वर उसळली आणि तिच्या मागे दारापर्यंत तरंगत आली. बस वळली तेव्हा चाकं अर्धी पाण्यात होती.

शाळेत आम्हाला वरच्या मजल्यावरचा एक वर्ग मिळाला. एकोणीस म्हातारी माणसं लहान मुलांच्या बाकांवर बसली होती, गुडघे छातीशी. फळ्यावर कोणाचा तरी अर्धा भागाकार राहिला होता. आजोबांनी तो पुसू दिला नाही, पुरा करायला घेतला. नर्स ओल्या मोज्यांची रांग लावत होती. मामा खिडकीत बसून तळहातावर फुंकर घालत होता.

दुपारी साडेचार वाजता बाईंचा फोन आला. मी मावशीला सांगितलं, "नऊ दशांश एक."

"म्हणजे गादीच्या वर बोटभर."

"हो."

ती बाकाला टेकली. मग तिने खिशातून फोन काढला आणि वृद्धाश्रमाच्या मालकाला लावला. मालक खूप बोलला. आम्हाला नुसती गुणगुण ऐकू येत होती: फर्निचर, करार, पुढच्या महिन्यात बघू, असा पूर काही रोज येत नाही.

"रोज येत नाही," मावशी म्हणाली. "पण येतो, आणि आता लवकर येतो. माझी माणसं त्या तळमजल्यावर परत जाणार नाहीत. तुमचं फर्निचर खाली आणा. त्याला पोहता येतं की नाही ते तुम्ही बघा."

पलीकडून पुन्हा गुणगुण.

"मग आम्ही इथेच आहोत," ती म्हणाली. "शाळा सुरू झाली तर भागाकार शिकू."

तिने फोन ठेवला आणि मामाकडे वळली. "एक पाटी लागेल. वृद्धाश्रम, वरचा मजला. बाण वर."

"कुठे लावायची?"

"जागा मी शोधते. तू पाटी कर."

मामाने तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. "ब्रश धरता येणार नाही आठवडाभर."

"मग रेडियमची कर," मावशी म्हणाली, आणि बाकांमधून वाट काढत गोळ्यांचे डबे सोडवायला गेली.